एका बोल्टच्या दोन बाजू

बोल्ट नुसताच गोल गोल फिरत होता.

भंगारात आलेल्या एका जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली मी उताणी पडले होते. पाय दाराबाहेर, डोकं तारांच्या जंजाळात आणि तोंडात छोटा टॉर्च. मला त्या गाडीच्या वायपरची मोटर हवी होती. मोटर बसवलेली असते बॉनेटखाली, इंजिनाच्या बाजूला. तिचे नट मात्र असतात आत, बसणाऱ्याच्या पायांपाशी. मध्ये पत्रा. आतून नट फिरवायला जावं, तर बाहेर बोल्टही त्याच्याबरोबर फिरतो आणि सुटत काहीच नाही. खरं तर दोघांचं काम आहे ते. एकाने बाहेरून बोल्ट धरायचा, दुसऱ्याने आतून नट फिरवायचा. मी एकटीच होते. एकटीनेच सगळं करायचं, असं ठरवूनच आले होते. पाऊण तास झाला होता आणि मानेला रग लागली होती.

अचानक बोल्ट फिरायचा थांबला. नट 'कट्' करून सुटला.

मी तोंडातला टॉर्च काढला. "कोण आहे?"

"मी," पत्र्यापलीकडून आवाज आला. "तुम्ही कोण?"

"मी ही मोटर काढतेय."

"अरेच्चा... मीही."

टपावर भुरभुर पाऊस पडत होता.

"अजून दोन नट आहेत," तो म्हणाला. "आधी भांडायचं, की आधी ते काढायचे?"

"आधी काढायचे."

"धरला. फिरवा."

दोन मिनिटांत दोन्ही नट निघाले. मी सरपटत बाहेर आले तेव्हा तो मोटर दोन्ही हातांत धरून उभा होता, एखादं तान्हं मूल धरावं तसा. चष्म्यावर पावसाचे थेंब, शर्टाच्या बाहीला ग्रीस. मोटर त्याने बॉनेटवर, बरोब्बर मधोमध ठेवली. मग खिशातून मऊ फडकं काढून चष्मा पुसायला लागला, आणि इतका सावकाश पुसत राहिला, की मला त्याचे डोळे नीट बघायला वेळ मिळाला. बघायचे नव्हते... पण दिसले.

"चष्म्याच्या काचा घासतो मी," तो म्हणाला. "दुकानात. म्हणून ही सवय. तुम्ही?"

"कवळ्या बनवते. दातांच्या."

फडकं थांबलं. "म्हणजे डोळे माझ्याकडे आणि दात तुमच्याकडे. आपण दोघं मिळून एक अख्खं म्हातारपण सांभाळू शकतो की!"

"मोटर माझी आहे," मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले असते, पण मला महिनाअखेर दिसत होती.

सांगते. आमच्या घरी अगदी याच मॉडेलची गाडी होती. दोन दारांची, हिरवी. माझ्या आणि दादाच्या जन्माआधी बाबांनी ती घेतली, म्हणून घरात तिचं नाव 'थोरली'. बाबा तिचं सगळं काम स्वतः करायचे. पण सात वर्षांपूर्वी ब्रेकचं काम करताना त्यांच्याकडून नळीचा एक नट आवळायचा राहिला. फक्त एक. आमच्या दारातच उतार आहे. त्या उतारावर पेडल तळाला गेलं आणि थोरली फाटक तोडून कुंपणाच्या भिंतीवर धडकली. शेजारी दादा बसला होता. त्याच्या भुवईवर चार टाके पडले. त्याच दिवशी बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली, आणि त्यानंतर पान्याला हात लावला नाही.

आता महिनाअखेरीस गाडीची सरकारी तपासणी करून घ्यायची शेवटची तारीख होती. त्या दिवशी पास झाली नाही, तर नोंदणी रद्द आणि थोरली भंगारात. "जाऊ दे एकदाची," दादा म्हणाला होता, "मला माझी गाडी लावायला जागा होईल." बाबा जेवताना ताटाकडे बघत राहिले होते. तेव्हाच मी ठरवलं, थोरली पास होणार. आणि तिला मीच पास करणार. वायपरची मोटर गंजून बसली होती, तिथूनच सुरुवात.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला भंगाराच्या ढिगात उभं राहून एका दमात सांगून टाकलं. का, ते मला माहीत नाही.

त्याने मोटर उचलून माझ्या हातात दिली. "घ्या. माझी गाडी दोरीवर चालते."

"दोरीवर?"

फाटकाबाहेर त्याची गाडी होती. तेच मॉडेल, पिवळी. दोन्ही वायपरना मिळून एक दोरी बांधलेली, तिची टोकं दोन्ही खिडक्यांतून आत घेतलेली. एकदा इकडून ओढायची, एकदा तिकडून.

"पलीकडून कोण ओढतं?"

"सध्या मीच," तो म्हणाला. "एक हात जरा लांब झालाय. मोटर दिली त्याबद्दल एक अट आहे. थोरली बघायला येणार."

*

तो पुढच्या रविवारी आला, आणि त्याच्या पुढच्याही.

आमच्या गॅरेजच्या दारात बाबा खुर्ची टाकून बसायचे. उंबऱ्याच्या बाहेर. सात वर्षांत त्यांनी तो ओलांडला नव्हता. चहाचा कपही ते बाहेरूनच आत सरकवायचे.

चष्मेवाला कानाने काम करणारा होता. इंजिन चालू करून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला खोकला झालाय." मी पडले पुस्तकातली. गाडीबरोबर आलेलं जुनं मॅन्युअल उघडून एकेक ओळ वाचायची, मग हात लावायचा. तो मला 'पुस्तकबाई' म्हणायला लागला.

"पुस्तकबाई, शिंक येतेय. कुठल्या पानावर आहे ते बघता का?"

"शिंका, पण इंजिनात नको."

"चष्मा पुसून देता? हात काळे आहेत माझे."

मी पुसून दिला. मग त्याच्या नाकावर ठेवला, जरा तिरकाच.

एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी विचारली होती. "हे लाल लाल काय लावता हो प्रत्येक नटाला?"

"नेलपॉलिश."

मैत्रिणीच्या लग्नासाठी आणलेली बाटली होती ती. बोटांना एकदाच लावलं, उरलेलं थोरलीला. नट मापात आवळला, पुन्हा एकदा तपासला, की त्यावर एक ठिपका. अर्धा नटावर, अर्धा शेजारच्या पत्र्यावर. नट जरा जरी हलला तरी ठिपका मोडलेला दिसतो. आणि ठिपका नाही, म्हणजे काम झालेलं नाही. एक नट राहिल्याने आमच्या घरात काय झालं होतं, ते त्याला माहीतच होतं. तो मान हलवत म्हणाला, "झकास पद्धत आहे." त्याला कळलं, असं मला वाटलं.

तपासणी सोमवारी होती. आदल्या शनिवारपर्यंत तीन चाकांचे ब्रेक झाले होते. चौथं, मागचं डावं, राहिलं होतं. शनिवारी अर्धा दिवस मला प्रयोगशाळेत जावं लागलं. एका आजोबांची कवळी टोचत होती, त्यांना उपाशी कसं ठेवणार? दुपारी घाईघाईने परत आले, तर गॅरेजच्या दारात चष्मेवाला उभा. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बघा!" तो म्हणाला. "चौथं चाक झालं. ब्रेकचं तेल भरलं, नळ्यांतली हवासुद्धा काढली. एकट्यानेच, एक नळी आणि बाटली लावून. आता उद्या आराम करा."

मी वाकून बघितलं. चाकामागे प्रत्येक नटावर लाल ठिपका होता. गोल, सुबक, एकसारखा. माझे ठिपके नेहमी वाकडेतिकडे असतात.

"हे ठिपके कुणी लावले?"

"मीच. तुमच्याच बाटलीतले. सगळे नट मापात आवळलेत, पुस्तकात बघून."

"तू... तू माझा ठिपका लावलास?"

रागाच्या भरात मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं, आणि ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"एकही ढिला नाहीये," तो गोंधळून म्हणाला. "शपथ. उघडून बघ हवं तर."

"तेच तर! आता मला उघडून बघावं लागेल. उघडावं लागू नये म्हणून असतो तो ठिपका. ठिपका म्हणजे मी स्वतः आवळलं आणि स्वतः बघितलं. माझा शब्द आहे तो. माझा शब्द तू परस्पर कसा दिलास?"

त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मला वाटलं... तुला मदत होईल."

"जा आता," मी म्हणाले.

तो गेला. पिवळ्या गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. त्यानंतर मी बराच वेळ नुसती जमिनीवर बसून राहिले. मग जॅक ओढला.

*

रविवारी सकाळी मी चौथं चाक पूर्ण उघडलं. एक एक नट सोडवला. एकही ढिला नव्हता. सगळं अगदी पुस्तकात दिल्यासारखं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पुन्हा सगळं जोडलं, आवळलं, तपासलं आणि माझे वाकडे ठिपके लावले.

उघडलं म्हणून तेल सांडलं होतं आणि नळ्यांत हवा शिरली होती. नळीत हवा असली की पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. नळी आणि बाटली लावून एकट्याने हवा काढण्याची युक्ती मॅन्युअलमध्ये नव्हती, आणि पुस्तकात नाही त्यावर माझा भरवसा नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटा स्क्रू उघडून हवा जाऊ द्यायची, तो बंद केला की मगच पेडल सोडायचं. पुन्हा दोन माणसं!

दादाला विचारलं. "त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही," तो भुवई चोळत म्हणाला. आणखी कुणाला मी विचारलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. पण त्याला मीच घालवलं होतं.

मी गॅरेजच्या दाराकडे बघितलं.

"बाबा, एक पाय हवाय."

"कुणाचा?"

"तुमचा."

ते खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. उंबऱ्यापाशी थांबले. मी पान्याला फडकं गुंडाळत राहिले. थोड्या वेळाने चपला काढल्याचा आवाज आला, आणि मग थोरलीचं दार कुरकुरलं.

"दाबा."

"दाबलं. अगं... अगं, खाली जातंय हे!" ते ओरडले.

"जाऊ द्या. हवा निघतेय. अजून धरा... धरा... हं, आता सोडा."

एकेका चाकाला दहा-बारा वेळा. चौथ्या चाकाला बाबांचा आवाज बदलला होता. "तेलाची डबी बघ गं, तेल संपेल," असं उलट तेच मला सांगायला लागले. शेवटी म्हणाले, "आता कसं, दगडासारखं लागतंय." काम झालं तरी ते उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"त्या चष्मेवाल्याला काय म्हणालीस काल?"

"'जा' म्हणाले."

"आणि तो गेला?"

"गेला."

"हं. सांगितलेलं ऐकतो म्हणजे," बाबा म्हणाले, आणि आरसा नीट करायला लागले.

*

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. बाबा माझ्या शेजारी. फाटक उघडलं, तर समोर रस्त्याच्या कडेला पिवळी गाडी. भुरभुर पाऊस होता आणि तिच्या खिडक्यांतून दोरीची टोकं लोंबत होती.

तो उतरला. जवळ आला नाही. "गाडी ओढायचा दोर आणलाय," तो म्हणाला. "वाटेत लागला तर."

"लागणार नाही."

"बरं. मग नुसताच मागे येतो. चालेल?"

"रस्ता सगळ्यांचा आहे," मी म्हणाले. आरशात मात्र दर वळणावर बघत होते. एक हात स्टिअरिंगवर, एक दोरीवर. ओढतोय बिचारा.

तपासणीच्या आवारात एका जाड्या साहेबांनी थोरलीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग बाबांच्या जागी माझ्या शेजारी बसले. "वेग घ्या. पांढऱ्या पट्टीवर थांबवा."

मी वेग घेतला. पट्टी आली. दाबलं.

थोरली जागच्या जागी थांबली. साहेबांची टोपी मांडीत पडली.

"ब्रेक चांगले आहेत," ती उचलून डोक्यावर ठेवत ते म्हणाले. मग खाली उतरून मागे गेले. "पुन्हा दाबा. हं... ब्रेकचा उजवा दिवा लागतोय, डावा नाही. बारा वाजेपर्यंत दुरुस्त करून आणलात तर बघतो. नाहीतर नापास."

सव्वाअकरा झाले होते. घरून निघताना दोन्ही दिवे लागत होते, मी स्वतः बघितलं होतं! मी डिकी उघडली. बल्ब ठीक होता. तार ठीक होती. पेडल दाबायला पुढे जावं तर मागचा दिवा दिसत नाही, आणि मागे यावं तर पेडलवर पाय नाही. बाबा पेडलवर पाय ठेवून बसले, मी तारा हलवायला लागले, पण डिकीत वाकल्यावर दिवा कुठला दिसतोय!

मी वर बघितलं. चष्मेवाला चार पावलांवर उभा होता. दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. पावसाने चष्मा भरला होता, तोही पुसायला त्याने हात सोडला नव्हता.

"दिवा बघून सांगशील?" मी म्हणाले.

"सांगतो." तो दिव्यासमोर उकिडवा बसला. "नाही... नाही... लागला! गेला. परत लागला. तू आत्ता काय धरलंस?"

दिव्याची तार जिथे गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली होती, तिथे गंज होता. थोरलीने इतक्या वर्षांनी रस्त्यावरचे धक्के खाल्ले, तेवढ्याने तार सुटली होती. मी पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला. पावणेबारा. स्क्रू हातात घेतला... आणि थांबले.

"हा तू आवळ," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"आवळ. मी बघतेय."

त्याने आवळला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तपासला. घट्ट होता. मग मी खिशातून बाटली काढली आणि माझा वाकडा लाल ठिपका लावला.

त्याने चष्मा काढला आणि आता कुठे पुसला.

बाराला पाच मिनिटं असताना साहेबांनी शिक्का मारला.

परतताना घराजवळ आम्ही जागा बदलल्या. उतारावरून थोरली बाबांनी नेली. दादा कुंपणाच्या भिंतीपाशीच उभा होता, मुद्दाम. भिंतीत नव्या विटांचा तुकडा अजून वेगळा दिसतो, त्याच्या बरोब्बर पुढे. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो जागचा हलला नव्हता. भुवईवरून बोट फिरवत म्हणाला, "राहू दे तिची जागा तिलाच. मी रस्त्यावर लावेन."

*

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले, पिशवीत त्याची बंद पडलेली मोटर घेऊन. ती मी मंगळवारीच मागून घेतली होती. आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते. नवे आणून कवळ्या घासायच्या मशीनवर मापात घासले. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी विचारलं, "कुणाचे दात आहेत हे?" मी म्हणाले, "एका पिवळ्या म्हातारीचे."

मी डॅशबोर्डखाली शिरले. तो बॉनेटपाशी. मध्ये पत्रा.

"धरलास?"

"धरला. फिरव." मग जरा थांबून, "तुझा चेहरा दिसत नाहीये, म्हणून विचारतो. दिसला तर जमणार नाही."

नट फिरवता फिरवता माझा हात थांबला.

"त्या दिवशी मी चुकलो. तुझ्यासाठी करत होतो, पण तुला वगळून करत होतो. तर मी ठरवलंय... म्हणजे तुला चालत असेल तर... एक बाटली आणलीय. निळी. दुकानातल्या बाईने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, स्वतःसाठी. ती माझ्या नखांकडे बघत राहिली." मी हसू दाबलं. "तुझा लाल, माझा निळा. एकाने आवळायचं, दुसऱ्याने तपासायचं. दोन्ही ठिपके लागल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. तुझ्या गाडीत, माझ्या गाडीत... आणि मला वाटतं, पुढे कधी आपल्या घरात. तुझ्याशी लग्न करायचंय मला. बोल्ट धरलाय, हात दुखतोय. सावकाश सांग, घाई नाही."

डॅशबोर्डखाली धूळ होती, तारांचा वास होता. माझे डोळे भरून आले होते, ते धुळीने नाही.

"म्हातारपण सांभाळायला एक चष्मेवाला हवाच होता मला," मी म्हणाले. "हो."

पलीकडे पाना खाली पडला.

"सोडू नको ना! अजून दोन नट आहेत!"

"धरला, धरला!"

तिन्ही नट आवळून झाले. मी आतून तीन लाल ठिपके लावले. मग सरपटत बाहेर आले, बॉनेटपाशी जाऊन एकेक बोल्ट पान्याने तपासला. त्याने आत वाकून माझे नट तपासले. बाहेरच्या बाजूला त्याने तीन निळे लावले, गोल आणि सुबक. चिडवायला एक मुद्दाम वाकडा.

अजूनही पिवळी गाडी आमच्याकडे आहे, थोरलीच्या शेजारी. तिचे ते ठिपके कुणालाच एकदम दिसत नाहीत. लाल आत, निळे बाहेर, मध्ये पत्रा. लांब कुठे निघायचं असलं, की मी डॅशबोर्डखाली वाकते आणि तो बॉनेट उघडतो.

"आहेत?" मी आतून विचारते.

"आहेत," तो बाहेरून सांगतो. "तुझे?"

"आहेत."

मगच गाडी निघते.